निवृत्तीचे पैसे हाती येताना सल्लागार कोणता निवडावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५८, खासगी कंपनीतून निवृत्ती. भविष्य निर्वाह निधीचे ६२ लाख, ग्रॅच्युइटीचे १६ लाख आणि रजा रोखीकरणाचे ७ लाख, असे ८५ लाख रुपये दोन-तीन महिन्यांत खात्यात येतील. ईपीएसचे, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचे, महिना साधारण ५ हजार पेन्शन. घर स्वतःचे, कर्ज नाही, दोघांचा महिन्याचा खर्च ४५ हजार. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरचे फोन सुरू झाले आहेत, नात्यात एक विमा एजंट आहे आणि दरवर्षी विवरणपत्र भरून देणारा एक टॅक्सवाला आहे. यांच्यापैकी कोणाचे ऐकावे, की आणखी कोणी शोधावा?

शोधावा लागेल. या तिघांपैकी कोणी वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. तुम्हाला दोन वेगळी कामे करून घ्यायची आहेत आणि या तिघांपैकी कोणाचाच तो व्यवसाय नाही. पहिले काम कराचे: निवृत्तीच्या वर्षात काय करमुक्त, काय करपात्र, पुढच्या वर्षापासून कर कधी आणि किती भरायचा. दुसरे काम नियोजनाचे: ८५ लाखांतून पुढची ३० वर्षे कशी काढायची. या दोन कामांसाठी दोन वेगळी माणसे लागतात. दोन्ही आपणच करतो असे सांगणारा सहसा एकात कच्चा असतो, किंवा तिसरेच काहीतरी विकत असतो.

कोण कोण आहे ते आधी ओळखा. व्हिजिटिंग कार्डावरच्या पदव्यांना फारसा अर्थ नाही, नोंदणी क्रमांकाला आहे. भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे नऊ आकडे असतात. तो फी घेतो आणि ज्या ग्राहकाला सल्ला देतो त्याला कमिशनची उत्पादने विकून पैसे कमवू शकत नाही. म्युच्युअल फंड वितरकाकडे फंड कंपन्यांच्या संघटनेचा, म्हणजे अ‍ॅम्फीचा एआरएन क्रमांक असतो. तुम्ही जोवर त्याच्यामार्फत घेतलेल्या फंडात आहात तोवर फंड कंपनी त्याला दरवर्षी ट्रेल कमिशन देते. विमा एजंटाला विमा कंपनी देते. बँकेतला माणूस बँकेचा पगारदार असतो, आणि बँक स्वतः विम्याची कॉर्पोरेट एजंट व फंडांची वितरक असते. सीए हा इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सचा सभासद. 'सीएफपी' (सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर) ही शैक्षणिक पात्रता आहे, चांगली आहे, पण तिला सल्ल्याचा परवाना समजू नका. 'टॅक्स कन्सल्टंट' ही पाटी तर कोणीही लावू शकतो. 'वेल्थ अ‍ॅडव्हायजर' किंवा 'इंडिपेंडंट फायनान्शियल अ‍ॅडव्हायजर' असे नाव नोंदणीशिवाय वापरायला वितरकांना मनाई आहे; तरीही कार्डावर ते दिसले, तर नियमांबद्दलची त्या माणसाची बेफिकिरी तिथेच कळते.

वितरकाकडून फंड घेणे गैर नाही. पण तो फुकट सल्ला देतो हा समज काढून टाका. ४० लाख रुपये रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फतच्या, योजनांमध्ये ठेवले आणि ट्रेल ०.८ टक्के असेल, तर वर्षाला ३२ हजार रुपये तुमच्या पैशातून जातात. दरवर्षी. ते तुमच्या हातून द्यावे लागत नाहीत म्हणून जाणवत नाहीत इतकेच. आकडा बघायचा असेल तर म्युच्युअल फंडांचे एकत्रित खातेपत्रक, ज्याला सीएएस म्हणतात, त्याची सहामाही प्रत काढा. तिच्यात प्रत्येक योजनेसाठी वितरकाला किती कमिशन गेले ते रुपयांत छापलेले असते. आतापर्यंतचे फंड ज्याच्यामार्फत घेतले असतील त्याच्याशी पुढचे बोलणे करण्याआधी ते पान एकदा वाचा. वर्षातून एकदाही बसून हिशेब न दाखवणाऱ्याला ३२ हजार द्यायचे, की एखाद्या सल्लागाराला तेवढीच फी देऊन डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवायच्या, योजना घ्यायच्या, हा मग साधा व्यवहाराचा प्रश्न उरतो. काही वितरक खरोखर मेहनत घेतात, कागदपत्रे करतात, दावे सोडवतात. त्यांच्या बाबतीत उत्तर 'द्यायचे' असेही येऊ शकते.

खरा धोका विम्याकडून आहे. निवृत्तीच्या पैशांवर सर्वाधिक डल्ला याच वाटेने पडतो. पद्धत ठरलेली आहे. 'गॅरंटीड इन्कम', 'करमुक्त', 'एफडीपेक्षा जास्त' असे शब्द येतात आणि समोर प्रस्तावपत्र येते. त्यावर दोन मुदती असतात: पॉलिसीची मुदत आणि हप्ते भरण्याची मुदत. तोंडी 'एकदाच १० लाख टाकायचे' असे सांगितलेले असते आणि हप्ते भरण्याच्या मुदतीच्या चौकटीत १० हा आकडा असतो. म्हणजे दरवर्षी १० लाख, दहा वर्षे. दुसऱ्या वर्षी हप्त्याचा संदेश आला की घरात धावपळ होते, आणि तोवर पॉलिसी रद्द करण्याची मुदत संपलेली असते. ही मुदत पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस आहे. तेवढ्यात लेखी कळवले तर किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात.

एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीतला सापळा वेगळा. २० लाख हप्ता आणि विमा संरक्षण २५ लाख अशी पॉलिसी 'करमुक्त' म्हणून विकली जाते. मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहायची असेल तर हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त असता कामा नये. म्हणजे या एका अटीपुरताच २० लाखांवर विमा २ कोटींचा हवा; शिवाय नव्या पॉलिसीत वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांहून (युलिपमध्ये अडीच लाखांहून) जास्त असेल तरी ही सूट मिळत नाही. तो ५८ वर्षांच्या माणसाला परवडेल अशा दरात मिळत नाही, म्हणूनच सव्वापट संरक्षणाच्या पॉलिसी बनतात. त्यांच्यावरचा नफा करपात्र असतो. विकणाऱ्याला हे माहीत असते किंवा माहीत असायला हवे. माणसाची पारख करायला हा प्रश्न चांगला आहे: "यातली मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त का, आणि विमा रक्कम हप्त्याच्या किती पट?" उत्तरात विषय बदलला की तिथेच थांबा.

आता सल्लागार शोधायचा कसा. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे, त्यात गुंतवणूक सल्लागार निवडून नाव किंवा क्रमांक टाका. नाव, पत्ता, फोन, ईमेल जुळतात का पाहा. इथे एक खबरदारी घ्या. खऱ्या सल्लागाराचा खरा क्रमांक वापरून भलताच माणूस संदेश पाठवतो, असे प्रकार चालतात. म्हणून तुम्हाला आलेल्या फोनवर विश्वास ठेवू नका, यादीतल्या फोन नंबरवर तुम्ही स्वतः फोन लावा. फी रोखीने घ्यायला परवानगीच नाही; ती ज्याची नोंदणी आहे त्याच्याच नावाच्या बँक खात्यात जायला हवी. सल्लागाराच्या संकेतस्थळावर दर महिन्याच्या तक्रारींचा तक्ता असणे बंधनकारक आहे. तो नसेल किंवा वर्षभर बदललेला नसेल, तर नियमपालन किती सैल आहे ते समजते. असे फी घेणारे सल्लागार देशात फार थोडे आहेत. तुमच्या गावात नसेल तर व्हिडिओ कॉलवर काम करणारा चालेल, या कामाला समोरासमोर बसावेच लागते असे नाही.

फीबद्दल नियमात दोन पद्धती आहेत. ठरावीक फी असेल तर एका कुटुंबाला वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० रुपये, आणि सल्ल्याखालच्या रकमेवर टक्केवारी असेल तर वर्षाला जास्तीत जास्त २.५ टक्के. या कमाल मर्यादा आहेत, त्यांना चालू दर समजू नका. निवृत्ताने टक्केवारीच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ८५ लाखांवर एक टक्का म्हणजे ८५ हजार, तुमच्या जवळजवळ दोन महिन्यांचा घरखर्च. शिवाय टक्केवारीवाल्या सल्लागाराला पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना सुचवण्यात रस कमी असतो, कारण तिथे गेलेली रक्कम त्याच्या हिशेबात धरली जाईलच असे नाही. एकदाच आराखडा करून घ्या, ठरावीक फी द्या, आणि पुढे वर्षातून एकदा तपासणीसाठी वेगळी छोटी फी ठरवा. फीवर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, तोही धरून आकडा विचारा.

पहिल्या भेटीत त्याने तुम्हाला काय विचारले, हे त्याने काय सांगितले यापेक्षा महत्त्वाचे. पत्नीचे वय, तिचे स्वतःचे उत्पन्न, आरोग्य विमा कंपनीचा होता की स्वतःचा (कंपनीचा असेल तर निवृत्तीबरोबर तो सहसा संपतो), घरात कोणाला मधुमेह-रक्तदाब, आईवडिलांची जबाबदारी, मुलांची लग्ने-शिक्षणे, मृत्युपत्र, प्रत्येक खात्यावर नॉमिनी कोण: यातले निम्मे तरी प्रश्न आले पाहिजेत. थेट फंडांची नावे निघाली तर उठून यावे.

त्यानंतर एक हिशेब त्याला मांडायला सांगा आणि तोच घरी स्वतः करून बघा. खर्च ४५ हजार, पेन्शन ५ हजार, म्हणजे महिना ४० हजार पैशांतून काढायचे. वर्षाला ४ लाख ८० हजार. ८५ लाखांच्या हे साधारण ५.६ टक्के झाले. महागाई ६ टक्के धरली तर आजचा ४५ हजारांचा खर्च १२ वर्षांनी ९० हजारांच्या घरात जातो, तुम्ही सत्तरीचे असताना. ईपीएसचे पेन्शन मात्र महागाईबरोबर वाढत नाही. म्हणजे नुसत्या ठेवींवर हे गणित टिकणार नाही आणि सगळे शेअर बाजारात टाकले तर पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या मोठ्या घसरणीत मोडून पडेल. प्रामाणिक सल्लागार हे तोंडावर सांगेल: खर्च थोडा कमी करा, किंवा दोन वर्षे काहीतरी काम करा, किंवा राहत्या घराव्यतिरिक्त काही मालमत्ता असेल तर तिचा विचार करा. 'एक कोटी टाका, दरमहा एक लाख काढा, मुद्दल तसेच राहील' असे सांगणारा वर्षाला १२ टक्के काढायला सांगतो आहे. एवढा परतावा दर महिन्याला न चुकता देणारे काहीही बाजारात नाही.

सल्लागाराची पारख करण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे उत्तर आपल्याला आधीच माहीत असलेले प्रश्न विचारणे. तुमच्या परिस्थितीत चालतील असे काही देतो.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मी ५८ व्या वर्षी पैसे ठेवू शकतो का? 'साठीनंतरच' असे उत्तर आले तर तो माणूस कच्चा आहे. वयोमानानुसार निवृत्त झालेल्याला ५५ नंतर हे खाते उघडता येते, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत, कंपनीच्या दाखल्यासह, आणि मिळालेल्या निवृत्ती लाभांच्या मर्यादेत. कमाल ३० लाख. ८.२ टक्के दर धरला तर ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. ही तीन महिन्यांची खिडकी चुकली की साठीपर्यंत थांबावे लागते.

ईपीएस आत्ताच घ्यावे की पुढे ढकलावे? ५८ ला न घेता ६० पर्यंत थांबल्यास दर वर्षी ४ टक्क्यांनी पेन्शन वाढते. तुमच्या बाबतीत ५ हजारांवर ही वाढ किरकोळ आहे आणि हातात येणारे दोन वर्षांचे हप्ते सोडावे लागतात. पण सल्लागाराला हा पर्याय माहीत असायला हवा.

भविष्य निर्वाह निधीतले पैसे तसेच ठेवले तर? व्याज मिळत राहते, साधारण ३ वर्षे. पण नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र असते. 'पीएफ म्हणजे करमुक्त' एवढेच ठाऊक असलेला सल्लागार पुढे नोटिशीचे कारण होतो.

मला आगाऊ कर भरावा लागेल का? इथे बरेच जण चुकतात. व्यवसाय नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ करातून सूट आहे, पण त्यासाठी वय ६० लागते. तुम्ही अजून दोन वर्षे त्यात बसत नाही. टीडीएस वजा जाता १० हजार किंवा त्याहून अधिक कर निघत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाळाव्या लागतात, नाहीतर व्याज लागते.

नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, मग इक्विटी फंड विकून ४ लाख नफा झाला तर? हा प्रश्न सीएला विचारा. १२ लाखांच्या आत उत्पन्न असले की मिळणारी सूट, शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर चालत नाही. सव्वा लाखावरच्या नफ्याला १२.५ टक्के कर लागतो. विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या नियमित उत्पन्नाबद्दल, म्हणजे अ‍ॅन्युइटीबद्दलही विचारा: तिला मालकाकडून आलेल्या पेन्शनसारखी प्रमाणित वजावट मिळत नाही, ती 'इतर उत्पन्न' होते. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) काही असेल तर काढता येणारी रक्कम आणि त्यातली करमुक्त रक्कम हे दोन वेगळे आकडे मागा, नियम अलीकडेच बदलले आहेत.

आता कराचे काम. निवृत्तीच्या आर्थिक वर्षासाठी आणि त्यापुढच्या एका वर्षासाठी सीए घ्या. नंतर नुसते पेन्शन आणि व्याज उरले की विवरणपत्र स्वतः भरता येते. सीएचा सभासद क्रमांक इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. त्याने कुठला दाखला दिला तर त्यावर यूडीआयएन हा अक्षरे आणि आकडे मिळून १८ चिन्हांचा ओळख क्रमांक हवा आणि तोही तपासता येतो. त्याच्याकडून पहिल्यांदा ग्रॅच्युइटी आणि रजेचा हिशेब पक्का करून घ्या, तो विवरणपत्राच्या वेळी नव्हे, कंपनीने अंतिम हिशेब करण्याआधी. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि रजा रोखीकरण २५ लाखांपर्यंत करमुक्त असू शकते, पण या आयुष्यभराच्या मर्यादा आहेत आणि आधीच्या नोकरीत घेतलेली सूट त्यातून वजा होते. रजेला शिवाय आणखी मोजमापे आहेत: शेवटच्या १० महिन्यांच्या सरासरी पगारावर दहा महिन्यांचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस धरून शिल्लक रजेची किंमत. या सगळ्यांत जो आकडा सर्वात कमी तेवढेच करमुक्त. पगार म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता, हातात येणारी रक्कम नव्हे. कंपनीच्या पगारविभागाकडून इथे गफलत होते आणि न लागणारा टीडीएस कापला जातो किंवा उलटेही होते. पगाराची जुनी थकबाकी मिळणार असेल तर तिच्यावरची सवलत घेण्यासाठीचा फॉर्म, जो आजवर १०ई म्हणून ओळखला जातो, विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुने कलम सांगणाऱ्याला नवे कोणते तेही विचारा.

तुमच्या टॅक्सवाल्याबद्दल एकच कसोटी: तो फी ठरावीक घेतो की मिळणाऱ्या कर-परताव्याच्या (रिफंडच्या) टक्केवारीने? टक्केवारीने घेत असेल तर आजच सोडा. जास्त परतावा काढून द्यायचा म्हणून न दिलेल्या देणग्या, न भरलेले घरभाडे, राजकीय पक्षांना दिलेली रक्कम अशा खोट्या वजावटी दाखवल्या जातात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा मध्यस्थांवर देशभरात सुमारे १५० ठिकाणी कारवाई केली. मध्यस्थ पकडला गेला तरी विवरणपत्र तुमच्या नावाचे आहे. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे ठरले तर दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के असतो, शिवाय कर आणि व्याज. आयकर पोर्टलवर आज लॉगिन करून बघा. तिथला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का? अनेकांच्या खात्यात विवरणपत्र भरणाऱ्याचा ईमेल असतो आणि विभागाच्या नोटिसा त्यालाच जातात. पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि विवरणपत्र दाखल करण्याआधी त्याची पीडीएफ मागून एआयएसशी, म्हणजे आयकर विभागाकडच्या तुमच्या उत्पन्न-व्यवहारांच्या वार्षिक नोंदीशी, ताडून घ्या. दाखल केल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी व्हावी लागते, ती ओटीपीने तुम्ही करा.

सल्लागार ठरेपर्यंत पैशाचे काय? मोठ्या बँकेत थोड्या महिन्यांच्या ठेवी करून ठेवा. वरच्या तीन महिन्यांच्या मुदतीमुळे ज्येष्ठ नागरिक योजना तेवढी लवकर उरका. बाकीच्याला घाई नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी कोणी पतसंस्थेचे नाव सुचवले तर एवढे ध्यानात असू द्या की बँकेतल्या ठेवीला व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, ते सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थेला नाही. या काळात नातेवाइकांना 'सल्लागाराशी बोलून सांगतो' हे उत्तर पुरेसे आहे. नात्यातल्या एजंटाला नाही म्हणणे अवघड जाते हे खरे. शुद्ध टर्म विमा किंवा आरोग्य विमा घ्यायचाच असेल तर तो त्याच्याकडून घ्या, संबंधही राहतील आणि कामही होईल.

सल्लागाराशी लेखी करार फी देण्याआधी व्हायला हवा. त्यात कामाची यादी, फी, मुदत आणि मोडण्याच्या अटी बघा. आराखडा कागदावर हवा, त्यात धरलेला महागाईचा आणि परताव्याचा दर लिहिलेला हवा. शेअर-इक्विटीवर १२ टक्क्यांहून जास्त धरला असेल तर तोच हिशेब ९ टक्क्यांनी करून मागा आणि पैसे कोणत्या वयाला संपतात ते पाहा. तुमच्या बँक किंवा डिमॅट खात्याचा पासवर्ड, ओटीपी, कोऱ्या सह्या यांतले काहीही द्यायचे नाही. सल्लागाराला त्याची गरजच नसते. करार मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी परत मागता येते, त्यातून फार तर एका तिमाहीची फी कापली जाऊ शकते. पैसे अडले किंवा खोटी आश्वासने निघाली तर आधी त्याच्याकडे लेखी तक्रार करा. समाधान झाले नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार पोर्टलवर नोंदवा. तिथे त्याला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. विम्याची तक्रार बीमा भरोसा पोर्टलवर आणि मग विमा लोकपालाकडे, बँकेची रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते. सीएविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार त्याच्या इन्स्टिट्यूटकडे करायची असते, सेबीकडे नाही.